कोटातला माणूस

फोन वहिनीने घेतला. वर्कशॉपमध्ये करवतीचं मशीन चालू होतं, आणि दोघा भावांपैकी थोरल्याला तर मशीन बंद असतानाही धड ऐकू येत नसे. वहिनीने एका कानात बोट घातलं, दोनदा "कोण? कोण?" केलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून ती धाकट्याकडे वळली.

"भावजी, कॉलेजातून आहे. तुम्ही सिनेमात होतात, असं म्हणतायत."

"होतो," धाकटा म्हणाला. हातातला रंधा खाली ठेवायला त्याला जरा वेळ लागला.

त्याला सगळे धाकटाच म्हणत. केस पिकले, चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी थोरला शाबूत असेपर्यंत त्याला बढती मिळणार नव्हती. दोघे भाऊ दारं-खिडक्या करत. थोरला मापं घ्यायचा आणि गिऱ्हाइकांशी भांडायचा, धाकटा हाताने काम करायचा. त्याने केलेलं दार बोटाने ढकललं तरी फिरायचं आणि सोडलं तिथे थांबायचं. लग्न त्याने केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं." छत्री कुठेतरी राहून जावी तसं. खरं कारण घरात फक्त वहिनीला ठाऊक होतं आणि तीही त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला की चॅनेल बदलण्याआधी दिराकडे एक नजर टाकायची, इतकंच.

कॉलेजच्या फिल्म क्लबला 'कडी' दाखवायचा होता. सिनेमा आला तेव्हा दोन-चार आठवडे चालून उतरला होता. पण मधल्या काळात तो कुणीतरी इंटरनेटवर टाकला आणि आता तरुण मुलं त्याच्या शेवटावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. मास्तर, म्हणजे दिग्दर्शक, कधीच गेले होते. नट सापडत नव्हते. श्रेयनामावलीत तळाशी, 'दारे व खिडक्या' या ओळीत दोघा भावांच्या वर्कशॉपचं नाव होतं.

"तुम्ही आलात तर मुलांना फार बरं वाटेल," असं तिकडून कुणीतरी मॅडम म्हणाल्या.

"येतील," वहिनीने त्याच्या वतीने सांगून टाकलं. "मीही येते. भावजींना एकट्याला पाठवलं तर जिन्यातून परत येतील."

*

'कडी'चं घर एका बंद पडलेल्या गोदामात उभं केलं होतं. घर कसलं, तीन भिंती आणि एक दार. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे आणि चिडले की अजूनही खडू फेकल्यासारखा हात करायचे. त्यांचं म्हणणं, या सिनेमाचं मुख्य पात्र ते दारच आहे. धाकटा तेव्हा विशी ओलांडलेला, उंच आणि काटकुळा. पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं, फूटपट्टी.

गोष्ट साधी होती. एका बाईचा नवरा धुक्यात बाहेर पडतो आणि परत येत नाही. मग रोज तिन्हीसांजेला तिच्या दाराची कडी वाजायला लागते. शेजारीपाजारी सांगतात, उघडू नकोस, गेलेला माणूस येतो तो काहीतरी न्यायलाच येतो. ती कान झाकून बसते. असं करता करता शेवटी एक दिवस ती उठते आणि दार उघडते. दारात कोट घातलेला एक माणूस, आपल्याला पाठमोरा. त्याच्या खांद्यावरून आपल्याला तिचा चेहरा दिसतो. ती बघते, बघत राहते, हात उचलते, आणि पडदा काळा होतो. तो जिवंत की मेलेला, तिने त्याला आत घेतलं की तोच तिला घेऊन गेला, काही कळत नाही.

नायिकेचं काम करणारी मुलगी नवीन होती. सिनेमाच्या लोकांत ती फारशी मिसळत नसे. जेवायच्या सुट्टीत धाकट्याच्या बाकाशी येऊन बसायची, कारण तिथे लाइटचा ताप पोचायचा नाही. रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या सुरळ्या बोटावर चढवत काहीबाही विचारायची.

"अहो फूटपट्टी, हे दार नवं आहे, मग जुनं कसं दिसतं?"

"मारलंय त्याला. साखळीने."

"बिचारं."

"रडलं नाही हो. चांगलं लाकूड आहे."

ती हसली की डोळे मिटून हसायची. धाकटा रात्री घरी येऊन दुसऱ्या दिवशी काय बोलायचं ते ठरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटायचं नाही.

शेवटच्या शॉटच्या दिवशी नवऱ्याचं काम करणारा नट आलाच नाही. त्याला दुसरा मोठा सिनेमा मिळाला होता आणि जाताना तो कोटही घेऊन गेला होता. मास्तरांनी हवेत दोन-तीन खडू फेकले. मग कुणीतरी कुठूनतरी दुसरा कोट पैदा केला आणि मास्तर म्हणाले, "पाठच तर दाखवायची आहे. ए फूटपट्टी, चढव कोट."

कोट जड होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. धाकटा दाराबाहेर उभा राहिला. त्याच्या मागे कॅमेरा, कॅमेऱ्यामागे मोठा दिवा. समोर त्यानेच केलेलं दार.

दार उघडलं. तिने त्याच्याकडे बघितलं.

पुढे कितीतरी वर्षं त्याने ती नजर मनात उलटसुलट करून पाहिली. त्याच्याकडे तसं कुणी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही बघितलं नाही. आधी तिचा श्वास अडला. मग चेहऱ्यावरचं सगळं गळून पडलं, सिनेमातली बाई, बाकाशी बसणारी मुलगी, सगळं, आणि उरली नुसती ओढ. ती ओढ सरळ त्याच्याकडे येत होती. तिचा हात वर झाला, अर्ध्यात थांबला. डोळे भरून आले. "कट!" मास्तर ओरडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती कुणाशी न बोलता बाहेर निघून गेली. धाकट्याने कोट उतरवून खिळ्याला अडकवला. ती परत येईल म्हणून तो अंधार पडेपर्यंत त्या दाराच्या बिजागऱ्यांना विनाकारण तेल घालत बसला. ती आली नाही. पहिल्या खेळालाही आली नाही.

सिनेमा लागला तेव्हा धाकटा तो बघायला जाऊ लागला, अगदी पहिल्या रांगेत, मान दुखेपर्यंत. ती नजर होती तशीच होती. ती कामाचा भाग होती, की त्याच्यासाठी होती? आणि त्याच्यासाठी असेल, तर हात का थांबला? लाजली म्हणून? लोक बघत होते म्हणून? त्याने बाजूने पुरावे गोळा केले, विरुद्धचेही केले. निकाल मात्र लागला नाही. आणि निकाल लागेपर्यंत दुसऱ्या मुली बघायला जाणं त्याला बरं वाटेना.

*

कॉलेजच्या सभागृहात मुलांनी खच्चून गर्दी केली होती. भर दुपार असूनही पडदे ओढून अंधार केलेला. वहिनी 'कडी' पहिल्यांदाच बघत होती. कडी वाजली की ती दिराच्या मनगटाला धरायची आणि पुटपुटायची, "उघडू नको गं बाई."

सिनेमा संपला, दिवे लागले आणि जुंपली.

"तो मेलेलाच आहे," चौकटीच्या शर्टातला एक मुलगा उठून म्हणाला. "धुकं आहे, थंडी आहे, तिच्या तोंडातून वाफ निघते. त्याच्या बाजूला वाफेचा पत्ता नाही."

"आणि अनवाणी आहे तो!" दुसरी एक मुलगी म्हणाली. "फ्रेम थांबवून बघा. पँटच्या खाली टाच दिसते. धुक्यातून चालत आलेला माणूस अनवाणी कसा?"

"दारही आत उघडतं. पहिल्या भागात शेजाऱ्यांची दारं बाहेर उघडताना दाखवलीयत. हे एकच दार आत उघडतं. म्हणजे आत आणि बाहेर यांची अदलाबदल झालीय. ती मेलीय. तो जिवंत आहे!" मागून तिसरा एकजण ओरडला.

हे ऐकून सगळं सभागृह 'ओहो' म्हणालं. वहिनीसुद्धा म्हणाली.

फोन करणाऱ्या मॅडम पुढेच बसल्या होत्या, चाळिशीच्या, कापलेले केस, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी धाकट्याला माइक दिला. "दार तुम्ही केलंत. तुम्हीच सांगा."

धाकटा उभा राहिला. "दार आत उघडायचं, कारण बाहेर कॅमेऱ्याला जागा नव्हती," तो म्हणाला. हशा पिकला. "वाफ तिला दिली होती. म्हणजे तिच्याजवळ बादलीत बर्फाचं काहीतरी ठेवलेलं. गोदामात उकडत होतं. आणि टाच..." त्याने घसा साफ केला. "टाच माझी आहे. नटाचे बूट मला होईनात."

सभागृहात इतक्या टाळ्या पडल्या की त्याला काय करावं कळेना. चौकटीच्या शर्टातल्या मुलाने तर उठून त्याला नमस्कारच ठोकला. "म्हणजे ते तुम्ही! कोटातला माणूस!"

"भावजी, खाली बसा आता," वहिनी म्हणाली, पण तिचा चेहरा फुलला होता.

मॅडमही हसत होत्या. मग त्या म्हणाल्या, "बूट झाले नाहीत, हे खरं. पण ते कळलं म्हणून टाच दिसायची थांबत नाही ना. ज्याला भीती वाटली त्याला वाटलीच. मला मात्र त्या माणसापेक्षा तिच्या नजरेबद्दल विचारायचंय." त्यांनी शेवटचा शॉट पुन्हा लावायला सांगितला, आवाज बंद करून, संथ गतीने.

धाकटा ओठ घट्ट मिटून बघत राहिला. त्याच्या खासगी देवघरात कुणीतरी चपला घालून शिरत होतं, पण थांबवायचं कसं?

"बघा," मॅडम म्हणाल्या. "बायको नवऱ्याला बघते तेव्हा नजर आधी कुठे जाते? तोंडाकडे. हिची जातच नाही. ती कोटाकडे बघतेय. ही कॉलर. हा खांदा, जो जरा खाली आहे. इथे ती विरघळते. हात उचलते. आता नजर कुठे गेली? बाहीवर. बाहीवर गेली आणि हात थांबला." त्यांनी चित्र तिथेच थांबवलं. "सिनेमाची गोष्ट काहीही असो, मला ही बायको वाटत नाही. या एका शॉटमध्ये ही कुणाची तरी मुलगी आहे. बाजारात हरवलेलं लेकरू गर्दीत ओळखीचा कोट बघून धावतं ना, आणि जवळ गेल्यावर कळतं की माणूस दुसराच आहे, तसं."

इतक्यांदा बघितलं होतं धाकट्याने हे. बाही कधी दिसलीच नव्हती. तो फक्त डोळे बघत आला होता.

तेवढ्यात मागे खुर्ची वाजली. शेवटच्या रांगेतून एक बाई उठली आणि बाहेर निघाली. केस आखूड, पांढरे. जाताना ती एकेका खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत गेली. गोदामात ती अशीच फळ्यांवरून हात फिरवत यायची.

वहिनीने दिराकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पुन्हा दिराकडे बघितलं. मग पाय आखडून घेऊन त्याला जायला वाट करून दिली.

"जा ना," ती म्हणाली. "आता कसल्या बिजागऱ्यांना तेल घालताय?"

*

ती पायऱ्यांवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. धाकटा दोन पायऱ्या सोडून थांबला.

"बाई," तो म्हणाला. तीस वर्षांत दुसरं काही ठरवून ठेवलं नव्हतं.

तिने वर बघितलं, आधी नीट खालपासून वरपर्यंत, आणि मग डोळे मिटून हसली. "फूटपट्टी. तुमचा उजवा खांदा अजून खालीच आहे."

"रंधा मारून मारून."

"दिसतंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे हो, हॉस्पिटलात. दिवसभर लोकांचे खांदेच बघते." तिने शेजारची पायरी हाताने झटकली. "बसा."

तो बसला. आतून मुलांचा गलका ऐकू येत होता.

"त्या मॅडमना कसं कळलं असेल?" ती म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्तरांनासुद्धा नाही. तो कोट बाबांचा होता."

मग तिने सांगितलं. तिचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. लोखंडी वजनांची पिशवी उजव्या खांद्याला लावून दुकानं पालथी घालायचे, त्याने खांदा कायमचा उतरला होता. त्यांना भुताच्या सिनेमांचं भारी वेड. आईला भीती वाटायची म्हणून ते मुलीला घेऊन जायचे. सिनेमाचा शेवट अर्धवट असला की त्यांना आनंदच व्हायचा. घरी येताना रस्त्याने विचारायचे, "बोल, पुढे काय झालं?" ती सगळ्यांना मारून टाकायची. ते सगळ्यांना घरी आणायचे. भुतालासुद्धा. एकदा तर त्यांनी भुताला नोकरी लावून दिली होती.

"मी कॉलेजात असताना एक दिवस ते कामाला गेले आणि परत आले नाहीत," ती म्हणाली. "भांडण नाही, आजार नाही, काही नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले. कोट मात्र घरीच राहिला, कारण त्या दिवशी ऊन होतं. गेले असं म्हणावं तर कशावरून म्हणायचं? आहेत म्हणावं, तर कुठे?"

धाकटा तिच्या हातांकडे बघत होता.

"म्हणून मी तो सिनेमा घेतला. मला काय अभिनय येत होता? पण मनात आलं, ते कुठेही असले तरी भुताचा सिनेमा लागला की जाणारच. मी पडद्यावर दिसेन. त्या दिवशी नटाने कोट पळवला, तेव्हा मी धावत घरी गेले आणि बाबांचा घेऊन आले. म्हटलं, मला नाही ओळखलं, तरी स्वतःचा कोट तर ओळखतील."

"आणि मी आत होतो."

"दिवा तुमच्या मागे होता. मला नुसता काळा आकार दिसला. बाबांचा कोट, आणि तो उतरलेला खांदा. मला माहीत होतं हो, की आत तुम्ही आहात. मीच कोट आणला होता, मला माहीत नसेल तर कुणाला? पण बघितल्यावर ते माहीत असणं कुठल्या कुठे गेलं. मग बाही दिसली. तुम्हाला आखूड होत होती. बाबांना ती तळहातावर यायची, आई नेहमी म्हणायची, कापून घ्या. तेवढी चार बोटं बाही कमी पडली नसती ना, तर मी तुम्हाला मिठीच मारली असती."

चार बोटं. धाकट्याने नकळत आपल्या मनगटाकडे बघितलं.

"सिनेमा लागला तेव्हा मी गावोगाव गेले," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेत बसायचे. पडद्याकडे बघितलंच नाही कधी. लोकांच्या पाठी बघायचे. एकदा पहिल्या रांगेत एक पाठ दिसली, उजवा खांदा खाली. धावत गेले अंधारात, लोकांचे पाय तुडवत. जवळ गेल्यावर मानेवरूनच कळलं, कोणी तरणा मुलगा आहे. तोंडही न बघता परत फिरले. आजही पाठीच बघायला आले होते."

"कुठल्या थिएटरात?" धाकट्याने घाईने विचारलं.

तिने सांगितलं. ते दुसऱ्याच शहरातलं थिएटर होतं. तो तिथे कधी गेला नव्हता. 'मीच होतो तो' म्हणायला काय लागणार होतं? तिला खरं वाटलं असतं. कदाचित आवडलंही असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मग तो मी नव्हे," तो म्हणाला. "मी आपल्या इथेच जायचो. पण बसायचो पहिल्याच रांगेत."

"तुम्ही? कशाला?"

आता लपवायचं काय उरलं होतं? त्याने सांगून टाकलं, अडखळत, बुटाच्या टोकाकडे बघत. ती नजर. तो थांबलेला हात. राहून गेलेलं लग्न तेवढं सांगितलं नाही, पण ते तिला कळलं असावं, कारण तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली आणि ती त्याच्याकडे वळली.

"तुमचा चेहरा मला दिसलाच नव्हता हो," ती हळूच म्हणाली.

"हो, आत्ता कळलं ते. दिवा मागे होता." तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "दिव्याचं मला सुचायला हवं होतं. कोण कुठे उभं होतं ते सगळं ठाऊक होतं मला."

"वाईट वाटलं?"

त्याने विचार केला. "आत्ता नाही कळत. दाढ काढल्यावर जीभ तिथेच जाते ना, तसं होईल बहुतेक काही दिवस."

मागून दार उघडलं. मॅडम होत्या, त्यांच्या मागे मुलं. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्या ओशाळल्या. "माफ करा. मला माहीत नव्हतं तुम्ही आत आहात."

"तुम्ही बरोबर ओळखलंत," ती उठत म्हणाली. "मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी नीट बघितलं."

चौकटीच्या शर्टातल्या मुलाला राहवेना. "पण तो माणूस जिवंत आहे की मेलेला?"

ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "कधी असं वाटतं, कधी तसं. परवापर्यंत मेला होता. आज सकाळी निघताना जिवंत होता." मुलाला वाटलं, ती सिनेमाबद्दलच बोलतेय. त्याने मान डोलावली.

*

बसमध्ये वहिनीने बराच वेळ कळ काढली. मग म्हणाली, "काय म्हणाली?"

"माझ्याकडे बघत नव्हती ती."

वहिनीने खिडकीबाहेर बघितलं. तिला हसू येईल असं त्याला वाटलं होतं, पण तिने त्याचा हात घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतरचे दिवस त्याला विचित्र गेले. निकाल लागला की सुटल्यासारखं वाटेल, असं तो धरून चालला होता. उलट त्याला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. काम करताना, जेवताना, झोप लागण्याआधी जो प्रश्न सोबतीला असायचा, तोच गेला होता. दुसऱ्याच्या नावाने आलेल्या टपालावर आपण आयुष्य काढलं, असं त्याच्या मनात यायचं. आणि लगेच दुसरंही यायचं, की ती पायऱ्यांवर बसून बोलत होती तेव्हा तिचे डोळे थेट त्याच्याकडे होते. उजेडात. त्या नजरेत सिनेमातलं काही नव्हतं, थकवा होता, थोडी काळजी होती. तरी तीच नजर आता पुन्हा पुन्हा आठवत होती.

निघताना तिने सांगितलं होतं, खांदा दाखवायला या, असा ठेवलात तर एक दिवस हात वर जायचा नाही. तो मंगळवारी गेला. ती पांढऱ्या कोटात होती. तिने त्याला भिंतीशी उभं केलं, बोटांनी भिंत चढायला लावलं, शेक दिला. "श्वास सोडा. लाकूड झालंय नुसतं." पुढच्या मंगळवारी पुन्हा. हळूहळू कळत गेलं. तिचं लग्न मोडलं होतं, कुणाचा दोष असा नव्हता. मुलगा लांबच्या देशात, सुनेला दिवस गेलेले. धाकट्यानेही थोरल्याच्या गमती सांगितल्या. वडिलांचा विषय ती कधी काढायची, कधी नाही. धाकटा आपणहून कधी काढायचा नाही.

घरी आलं की वहिनी विचारायची, "आज काय म्हणाली?"

"डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय."

"प्रगती आहे."

एका मंगळवारी तो जरा उशिरा आला. थोरल्याचं मशीन चालू होतं. वहिनी चहा घेऊन आली.

"ती चाललीय," तो म्हणाला. "मुलाकडे. सुनेचं बाळंतपण आहे. दोन महिने. पुढल्या वेळी दुसरं कुणी बघेल म्हणाली."

"मग?"

"मग काय. थांबायचं."

"थांबण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही, भावजी," वहिनी म्हणाली. आवाज चेष्टेचा होता, पण चहाचा कप तिने जरा जोरातच ठेवला. "निघणार कधी आहे?"

"रविवारी."

"विमानतळावर कोण सोडणार?"

हे त्याने विचारलंच नव्हतं. तो कपाकडे बघत राहिला. मग उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने मशीनचं बटण स्वतःच बंद केलं. थोरला अर्धी फळी हातात धरून बघतच राहिला. "काय झालं? वीज गेली?"

"फोन करायचाय, दादा."

नंबर लावताना बोट एकदा चुकलं. तिने लगेच उचलला.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

"हो, कळलं. खांदा दुखतोय का?"

"नाही. रविवारी तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. टॅक्सी बोलावणार होते. का?"

"सामान असेल ना. मी येतो सोडायला. म्हणजे, चालत असेल तर."

तिचा श्वास ऐकू येत होता. वहिनी टेबल पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती.

"या," ती म्हणाली. "सकाळी दहाला निघायचंय, त्याच्या आधी या. चहा घेऊन निघू. पण बॅग डाव्या खांद्यावर घ्यायची हं. सांगून ठेवते."

"हो."

त्याने फोन ठेवला. थोरल्याने मशीन पुन्हा सुरू केलं. दोन महिने म्हणजे काही फार नाहीत, असं धाकट्याने स्वतःला सांगितलं आणि फळी उचलली. तिच्या नातवंडाचं बारसं-पाळणा, आजारपणं, विमानाचा उशीर हे सगळं धरलं तरी फार तर अडीच. पण रविवार यायला अजून पाच दिवस होते, ती अजून गेलीसुद्धा नव्हती, आणि ते दोन महिने त्याला आत्ताच मोठे वाटायला लागले होते.